परिचर्येला व्रत म्हणू नका

परिचारिका संपावर गेल्या की एक युक्तिवाद ठरल्यासारखा पुढे येतो. कधी वर्तमानपत्राच्या पत्रव्यवहारात, कधी वाहिनीवरच्या चर्चेत, कधी रुग्णाच्या नातेवाइकाच्या तोंडी, तर कधी खुद्द डॉक्टरांच्या. शुश्रूषा हे व्रत आहे, तिला नोकरी समजू नये; ज्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची तसबीर प्रत्येक नर्सिंग शाळेत असते, त्यांनी हातात दिवा घेऊन रात्री जागवल्या, पगार मागितला नाही; आताच्या मुलींत तो सेवाभाव राहिला नाही. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हाही सूर हाच होता. असे बोलणारे लोक बहुधा दुष्ट नसतात. परिचारिकांविषयी त्यांच्या मनात आदरही असतो. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवे. त्यांच्या आदराने जो इतिहास गृहीत धरला आहे तो चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत परिचारिकेबरोबर रुग्णही मोजतो.

माझे म्हणणे असे, की सेवाभाव पुरत नाही हे कळले म्हणूनच परिचर्या हा व्यवसाय उभा राहिला. दयाळू माणसे आधीही होती. नव्हते ते प्रशिक्षण, नोंद, पाळ्यांची शिस्त, ठरलेले वेतन आणि चुकीची जबाबदारी. एकोणिसाव्या शतकात हा पाया घातला गेला. आज जो परिचर्येला पुन्हा व्रताच्या आसनावर बसवतो, तो नकळत हाच पाया उकरतो.

आधी पैशाचेच घेऊ, कारण आक्षेपाचे मूळ तिथे आहे. नाइटिंगेल यांनी वेतन घेतले नाही हे खरे. १८५३ साली लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या एका लहान रुग्णसंस्थेची देखरेख त्यांनी विनावेतन पत्करली. पण त्याच वर्षी वडिलांनी त्यांना सालीना ५०० पौंड बांधून दिले होते. त्यांचे घराणे जमीनदाराचे, आणि जिच्या घरभाड्याची नि म्हातारपणाची सोय झालेली आहे, तिलाच पगार नाकारणे परवडते. १८५४ च्या ऑक्टोबरात सिडनी हर्बर्ट या मंत्र्यांच्या विनंतीवरून त्या ३८ जणींना घेऊन, क्रिमियाच्या युद्धातल्या सैनिकांच्या शुश्रूषेसाठी, तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळाकडे निघाल्या. त्यांतल्या २४ जणी ख्रिस्ती धर्मसंस्थांकडून आलेल्या होत्या. उरलेल्या १४ इस्पितळांत पोटासाठी राबणाऱ्या बायका होत्या आणि त्या पगारावरच गेल्या. धर्मसंस्थेतल्या जोगिणीचे उदाहरण देणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की तिच्या व्रतामागे मठ उभा असतो. तिचे अन्न, छप्पर, आजारपण आणि शेवट सगळे मठ सांभाळतो. कल्याणहून पहाटेची लोकल पकडून ड्युटीला येणाऱ्या, भाडे आणि मुलांची फी भरणाऱ्या सिस्टरमागे कोणता मठ आहे?

युद्धानंतर नाइटिंगेल यांच्या नावाने लोकवर्गणीतून सुमारे ४५,००० पौंड जमले. त्या पैशातून त्यांनी धर्मादाय आश्रम काढला नाही, शाळा काढली. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात ती सुरू झाली. पहिल्या तुकडीत १५ उमेदवार होत्या. त्यांना राहणे, जेवण, गणवेश आणि वर वर्षाला १० पौंड मिळत. म्हणजे आधुनिक परिचर्येच्या पहिल्या वर्गातल्या पहिल्या विद्यार्थिनीलाही शिकतानाच पैसे मिळत होते. बाईंना पगाराची लाज वाटत नव्हती. लाज वाटत होती ती अडाणी हातांनी केलेल्या शुश्रूषेची.

त्या काळची इंग्रजी इस्पितळे पाहिली म्हणजे याचे कारण कळते. गरिबांच्या वर्कहाउसमध्ये आजाऱ्यांची देखभाल तिथल्याच निराधार बायका करत. शिक्षण नाही, मजुरी नाही. १८६५ साली लिव्हरपूलच्या वर्कहाउस इस्पितळात ॲग्नेस जोन्स प्रशिक्षित, पगारी परिचारिकांची तुकडी घेऊन गेल्या आणि चित्र पालटू लागले. तीन वर्षांनी टायफसने त्यांचा तिथेच बळी घेतला. त्यागात त्या कुणाहून कमी नव्हत्या, तरी आपल्या हाताखालच्या मुलींना फुकट राबा असे त्यांनी सांगितले नाही.

आता दिव्याविषयी. स्कुटारीची कथा आपल्याकडे शाळेच्या धड्यापासून एकाच पद्धतीने सांगितली जाते. अंधारा वॉर्ड, जखमी सैनिक, दिवा घेतलेली देवदूत, आणि सैनिक बरे होऊ लागतात. घडले ते याहून कितीतरी भयानक होते, आणि माझ्या मते कितीतरी मोठेही. त्या नोव्हेंबर १८५४ मध्ये पोहोचल्या. त्याच हिवाळ्यात मृत्यू घटले नाहीत, वाढले. त्या एका हिवाळ्यात स्कुटारीत चार हजारांहून अधिक सैनिक गेले. १८५५ च्या फेब्रुवारीत तर मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ च्या वर गेले. हे बहुतेक सैनिक जखमांनी मेले नाहीत. कॉलरा, अतिसार, टायफॉइड, टायफस यांनी मेले. नाइटिंगेल तिथे होत्या, त्यांच्या परिचारिका तिथे होत्या, रात्रीच्या फेऱ्या होत्या, दिवा होता. माया कुठेही कमी पडली नव्हती. मार्च १८५५ मध्ये आरोग्य आयोगाची माणसे आली. इस्पितळाखाली तुंबलेली गटारे त्यांनी वाहती केली, पाण्याच्या वाटेत सडत पडलेली जनावरे काढली, कोंडलेल्या खोल्यांत वारा खेळता केला. जूनमध्ये हेच प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले.

हा अनुभव पचवणे सोपे नव्हते. युद्धातून परतल्यावर त्या विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसल्या आणि मृत्यूंचे तक्ते महिन्यामहिन्याने मांडले. ज्या इस्पितळात आपण जिवाचे रान केले, तिथेच माणसे सर्वाधिक मेली, हे त्या आकड्यांनी त्यांच्यासमोर ठेवले. दुसरे कुणी असते तर लोकांनी दिलेला देवदूताचा मुकुट मिरवत आयुष्य काढले असते. नाइटिंगेल यांनी ते आकडे वर्तुळाच्या रंगीत पाकळ्यांत काढून सरकारसमोर धरले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद झाल्या. परिचर्येचा खरा जन्म मला इथे दिसतो. माझ्या हाताखाली माणसे का मेली, असा प्रश्न स्वतःला विचारून त्याचे उत्तर मोजून काढण्यात तो आहे.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. १८५९ ते १८६३ या काळात हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणारा शाही आयोग बसला, त्यामागे नाइटिंगेल होत्या. छावण्याछावण्यांना प्रश्नावल्या पाठवून त्यांनी माहिती मागवली. हजारी ६९ गोरे सैनिक दरवर्षी मरत होते. बाईंनी हिंदुस्थानात कधी पाऊल टाकले नाही, त्या तेव्हा स्वतः अंथरुणाला खिळल्यासारख्या होत्या. पण पाणी, गटार आणि बराकीतली गर्दी यांवरचा त्यांचा आग्रह इथल्या धोरणात उतरला. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. अंथरुणातून, कागद-पेन घेऊन केलेल्या या कामाने जेवढे जीव वाचले असतील, तेवढे दिव्याने वाचणे शक्यच नव्हते. तरी आपल्या तसबिरीत दिवाच असतो, तक्ता कधीच नसतो.

परिचर्येवरचे त्यांचे छोटेसे पुस्तक १८५९ च्या अखेरीस आले. व्रतवाद्यांनी ते वाचायला हवे. प्रेमात निराश झालेली किंवा इतर कशालाच नालायक ठरलेली बाई चांगली परिचारिका होते, या समजावर त्यांनी त्यात सडकून टीका केली आहे. हवा, उजेड, आवाज, अंथरूण, अन्न, निरीक्षण असे त्यातले विषय. मला सगळ्यांत मोलाचे वाटते ते बारीकसारीक व्यवस्थेविषयीचे प्रकरण. आपण हजर असताना रुग्णासाठी जे करतो, ते आपण नसतानाही होईल याची तजवीक करणे, हे परिचर्येचे मर्म, असा त्याचा आशय आहे. आजच्या वॉर्डातला हँडओव्हर, ताप-नाडी-श्वासाचा (टीपीआर) तक्ता, पाण्या-लघवीची नोंद, औषधांच्या वेळा यांचे मूळ या विचारात आहे. व्यक्तीच्या चांगुलपणावर रुग्णाचा जीव टांगलेला राहू नये, यासाठी ही सारी धडपड आहे. मायाळू सिस्टर सुट्टीवर गेली म्हणून रुग्ण दगावता कामा नये.

रात्री अडीचची वेळ घ्या. शस्त्रक्रिया होऊन दोन दिवस झालेला रुग्ण. श्वासाची गती १८ वरून २८ वर गेली आहे, लघवी कमी झाली आहे, आणि संध्याकाळपर्यंत नीट बोलणारा माणूस आता थोडा बरळतो आहे. ताप फारसा नाही. नातेवाइकाला वाटते, झोप लागली नाही म्हणून असे होत असेल. जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागल्याची ही चिन्हे आहेत, हे ओळखून डॉक्टरला झोपेतून उठवणारी आणि तो कुरकुरला तरी मागे न हटणारी परिचारिका त्या रुग्णाला वाचवते. तिच्यापाशी ममता असेल तर उत्तमच. पण त्या क्षणी रुग्ण जगतो तो तिच्या ज्ञानामुळे, आणि ते ज्ञान तिने वर्षानुवर्षे शिकून मिळवलेले असते.

व्रतवाद्यांचा एक मोठा आधार म्हणजे शपथ. दरवर्षी नर्सिंगच्या मुली हातात पेटते दिवे धरून नाइटिंगेल यांच्या नावाची शपथ घेतात. ही शपथ नाइटिंगेल यांनी लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात, हार्पर इस्पितळाशी जोडलेल्या शाळेत, लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकाराने एका समितीने ती तयार केली आणि आदरापोटी तिला नाइटिंगेल यांचे नाव दिले. डॉक्टरच्या कामात निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन तिच्यात आहे. ते वचन एका विशिष्ट काळाचे आहे. त्या काळी अमेरिकी इस्पितळे विद्यार्थिनींच्या श्रमांवर चालत. वर्ग कमी, वॉर्डातले राबणे जास्त. १९२३ च्या गोल्डमार्क अहवालाने या पद्धतीवर बोट ठेवले आणि शिक्षणाला इस्पितळाच्या मजुरीपासून वेगळे करायला सांगितले. आज्ञाधारकपणा हा परिचर्येचा गाभा असल्याचा समज इस्पितळांच्या सोयीतून वाढला आहे. आपल्याकडेही विद्यार्थिनींना वॉर्डातल्या रिकाम्या जागा भरण्यासाठी वापरले जाते, आणि तेव्हाही त्यांना सेवाभावाचेच धडे दिले जातात.

कुणी म्हणेल, हा सगळा पाश्चात्त्य इतिहास झाला, आपली परंपरा सेवेची आहे. तर आपल्या परंपरेकडेही पाहू. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाचे गुणही चार सांगितले. त्यांत पहिला उपचारांचे ज्ञान, दुसरा दक्षता, मग अनुराग आणि शुचिता. ज्ञान आणि कौशल्य आधी, जिव्हाळा नंतर. आपल्या प्राचीन ग्रंथकाराला हा क्रम कळत होता.

पुढे समाजाने काय केले? मलमूत्राला, रक्ताला, परक्या देहाला हात लावण्याचे काम विटाळाचे ठरवले आणि ते खालच्या मानलेल्या जातींवर, निराधार बायकांवर टाकले. १९०९ नंतर पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी उच्चवर्णीय विधवांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा घरांतून केवढा विरोध झाला! जे काम पवित्र म्हणून गौरवायचे, ते आपल्या लेकीने मात्र करायचे नाही. या वृत्तीचा हिशेब देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात दिसतो. तेव्हा देशात परिचारिका होत्या सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. डॉक्टर ६,००० लोकांमागे एक होता. जगात कुठेही परिचारिका डॉक्टरांहून जास्त असाव्या लागतात. इथे त्या डॉक्टरांच्या सातव्या हिश्श्याने होत्या. गौरवाने एकही जागा भरली नव्हती.

सावित्रीबाई फुले यांचे नाव या वादात येते, ते आदराने घेऊनच बोलतो. १८९७ च्या प्लेगात, वयाच्या ६६ व्या वर्षी, रोग्यांना उचलून आणता आणता त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांच्यापुढे मान झुकते. पण प्रशिक्षित माणसे, संरक्षणाची साधने आणि वाहने नसल्याने एका वृद्ध स्त्रीला पाठीवरून रोगी वाहावा लागला, ही त्या व्यवस्थेची नामुष्की होती. नदीवर पूल बांधायचा नाही आणि पुरात उडी घेणाऱ्यांचे पोवाडे गात राहायचे, असे आपण करतो. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी देशाने थाळ्या वाजवल्या. कोविड केंद्रांसाठी काही महिन्यांच्या करारावर घेतलेल्या कितीतरी परिचारिकांना लाट ओसरताच घरी पाठवण्यात आले.

संप करणारीच्या मनात रुग्णाविषयी कळवळा नसतो, हे गृहीतक मला सर्वांत अन्यायाचे वाटते. त्याला मुंबईतच उत्तर आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच एका कामगाराने अमानुष हल्ला केला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्यानंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या. अरुणाला योग्य वागणूक आणि स्वतःला सुरक्षित कामाची जागा, ही त्यांची मागणी होती. आणि मग केईएमच्याच परिचारिकांनी, एका पिढीने दुसरीच्या हाती सोपवत, १८ मे २०१५ पर्यंत, ४१ वर्षांहून अधिक काळ अरुणाला सांभाळले. अरुणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निकाल दिला तेव्हा तिच्या अंगावर बेडसोअर नव्हते, आणि न्यायालयाने या परिचारिकांची मनापासून प्रशंसा केली. चार दशके खाटेवर असलेल्या देहाला जखम होऊ द्यायची नाही, याचा अर्थ ज्यांनी हे काम केले आहे त्यांनाच कळेल. वेळेवर कूस बदलणे, हाडांवरची कातडी रोज तपासणे, ओल राहू न देणे, गिळता येईल असे अन्न भरवणे, आणि हे सगळे दर पाळीला, सणावारीसुद्धा. प्रेम होतेच. त्या प्रेमाला शास्त्र येत होते म्हणून ते टिकले. संपावर उतरणारे आणि कूस बदलणारे हात एकाच रुग्णालयातले होते.

व्रतवाद्यांच्या बाजूने एक मुद्दा खरोखर भक्कम आहे, तो मी टाळणार नाही. परिचारिकांच्या सरकारी नोंदणीला खुद्द नाइटिंगेल यांचा विरोध होता. चारित्र्य आणि निष्ठा परीक्षेत मोजता येत नाहीत, यादीत नाव आले की बाई चांगली परिचारिका ठरेल ही फसगत आहे, असे त्यांना वाटे. एथेल बेडफर्ड फेनविक यांनी १८८७ मध्ये परिचारिकांची संघटना उभारून नोंदणीचा आग्रह धरला, तेव्हा दोघी समोरासमोर आल्या. या वादात नाइटिंगेल हरल्या, आणि हरल्या हे बरे झाले. न्यूझीलंडने १९०१ साली स्वतंत्र नोंदणी कायदा केला. ब्रिटनमध्ये १९१९ साली झाला. आपल्याकडे १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली. नोंदणी नसेल तर कुणाही मुलीला पांढरा कोट चढवून सलाइन लावायला उभे करता येते, आणि गल्लीबोळांतल्या कित्येक नर्सिंग होममध्ये आजही तेच चालते. चारित्र्य मोजता येत नाही हे मान्य. पण शिक्षण तपासता येते, आणि चूक झाली तर परवाना काढून घेता येतो. संस्थापकाचा मान राखायचा म्हणून त्याची चूक पुढे चालवायची नसते.

राहता राहिला प्रश्न माणुसकीचा. परिचर्येतून जिव्हाळा काढला तर उरते यंत्र, असे म्हणतात. मी जिव्हाळा काढायला सांगतच नाही. जिव्हाळ्याला वेळ लागतो, आणि वेळ मिळतो तो एका परिचारिकेमागे किती रुग्ण आहेत त्यावर. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली पेनसिल्व्हेनियातल्या १६८ इस्पितळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांची माहिती त्यात होती. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांत जवळपास तेच दिसले, आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण जिथे जास्त तिथे मृत्यू कमी, हेही दिसले. कॅलिफोर्नियाने तर एका परिचारिकेमागे किती रुग्ण असावेत हे कायद्यानेच ठरवून २००४ पासून लागू केले. आपल्या परिचर्या परिषदेचे निकष अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाचांमागे एक, असे सांगतात. जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री नातेवाइकाजवळ थांबलेल्या कुणालाही विचारा, किती खाटांमागे किती सिस्टर होत्या. तिथे सिस्टर धावत असते, ओरडतेही. तिला माणुसकी शिकवायला निघालेल्यांनी आधी ती खाटांची रांग पायी फिरावी.

वेतनाचेही निकष कागदावर आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने शिफारस केली, की २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत परिचारिकेला सरकारी वेतनाइतकेच वेतन मिळावे, १०० ते २०० खाटांत फार तर १० टक्के आणि ५० ते १०० खाटांत फार तर २५ टक्के कमी, आणि ५० हून कमी खाटांतही महिना २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली आणि तिथेच ती अडकली.  व्रताची भाषा बोलणाऱ्या सर्वांना माझी एकच मागणी आहे. ज्या रुग्णालयाचे तुम्ही विश्वस्त, लोकप्रतिनिधी किंवा नुसते ग्राहक असाल, तिथल्या प्रत्येक वॉर्डाच्या दारावर रोज तीन आकडे लिहायला लावा: आज खाटांवर रुग्ण किती, या पाळीला नोंदणीकृत परिचारिका किती, आणि त्यांतल्या कंत्राटी किती. आणि रुग्णालयाने तसे लिहायला नकार दिला, तर त्याचे कारण परिचारिकांना न विचारता व्यवस्थापनाला विचारा.